तिसऱ्या ठोक्याला उशीर

१

तात्यांनी पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांची ती खोड गेली नाही. औषधाच्या बाटलीवरची सूचनासुद्धा ते हातात पेन्सिल घेऊन वाचायचे. त्यामुळे गावातल्या फ्रीमेसन लॉजचा इतिहास लिहायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याकडेच बोट दाखवलं. सगळ्यांनी म्हणजे चौघांनी. एके काळी त्रेसष्ट बंधू असलेल्या लॉजमध्ये आता येणारे तेवढेच उरले होते. अध्यक्ष होते दातांचे डॉक्टर, चिटणीस होता घड्याळजी, आणि बाकीचे दोघे सख्खे साडू होते, जे एकमेकांना सोडून सगळ्यांशी बोलायचे. तात्या नावाला पाचवे. सव्वीस वर्षांत त्यांनी त्या इमारतीत पाऊल टाकलं नव्हतं.

इमारत पुढच्या महिन्यात एका नृत्यशाळेला जायची होती. त्याआधी चाळीस पानांची पुस्तिका काढायची, एक शेवटची सभा घ्यायची आणि एकमेकांना नमस्कार करून मोकळं व्हायचं, असं ठरलं होतं. नको म्हणायचं तात्यांच्या जिभेवर आलं होतं, पण घड्याळजी म्हणाला, "तू नाही लिहिलंस तर डॉक्टर लिहितील." डॉक्टरांची भाषा सगळ्यांना ठाऊक होती.

मग रोज अकरा ते एक, सभागृहातल्या लांब टेबलाशी, असा नेम सुरू झाला. काळ्या-पांढऱ्या फरश्यांवर खुर्ची ओढायची, चष्मा पुसायचा आणि इतिवृत्तांचं पुढचं पुस्तक उघडायचं. एकूण एकोणीस पुस्तकं होती. मेणबत्तीच्या दुकानावरच्या खोलीत सात माणसांनी लॉज सुरू केलं, त्यातले दोघे पहिल्याच महिन्यात भांडून गेले. पडद्यांचा रंग कोणता असावा यावर तीन वर्षं खल झाला आणि शेवटी पडदेच लावायचे नाहीत असं ठरलं. पूर आला तेव्हा आठ बंधू होडीतून सभेला आले, आणि त्यांनी पहिला ठराव केला तो होडीवाल्याला चहा द्यायचा. तात्यांना मजा यायला लागली होती. मेसन म्हणजे गवंडी, म्हणून गाव या लॉजला गवंड्यांचा क्लब म्हणायचं. तात्यांची बायको असेपर्यंत म्हणायची, "गवंडी म्हणवता आणि न्हाणीघराची एक फरशी तुम्हाला बसवता येत नाही."

बारावं पुस्तक त्यांनी न उघडताच बाजूला ठेवलं. तेरावं घेतलं. पहिल्याच सभेच्या खाली नेहमीची ओळ होती: दाराची विचारणा केली, बाहेरून उत्तर मिळालं. तात्यांनी पान उलटलं. पुढच्या सभेखाली तीच ओळ, त्याच्या पुढच्या सभेखालीही तीच. चौथ्या पानावर त्यांची पेन्सिल थांबली.

कारण त्या वर्षी बाहेर कुणीच नव्हतं.

२

या लॉजची दाराची रीत अशी होती. सभागृहाच्या मोठ्या दाराला दोन माणसं. एक आतला द्वारपाल, दाराला पाठ लावून उभा. दुसरा बाहेरचा, दाराबाहेरच्या छोट्या दालनात, खुर्चीवर, मांडीवर बोथट तलवार घेऊन. सभा उघडताना आणि मिटवताना अध्यक्ष विचारणार, "दार राखलेलं आहे का?" मग आतल्याने दारावर तीन ठोके द्यायचे, बाहेरच्याने तीन ठोक्यांनी उत्तर द्यायचं, आणि उत्तर कानांनी ऐकल्यावरच आतल्याने म्हणायचं, "राखलेलं आहे." सभा मिटली की आतल्यानेच दार उघडून बाहेरच्याला आत घ्यायचं आणि म्हणायचं, "दार सुटलं." हे दोन शब्द ऐकल्याशिवाय बाहेरच्याने खुर्ची सोडायची नाही, मग आभाळ कोसळो. आणि दार उघडायचं ते आतल्या द्वारपालानेच. अध्यक्षांनीसुद्धा कडीला हात लावायचा नाही.

सव्वीस वर्षांपूर्वीपर्यंत आतले द्वारपाल होते तात्या. बाहेरचा होता त्यांचा थोरला भाऊ, दादा. दादाचं किल्ल्या करून द्यायचं दुकान होतं. त्यामुळे दार राखायला त्याच्याइतका लायक माणूस शोधून सापडणार नाही, असं सगळे गमतीने म्हणायचे. वडील गेल्यावर तात्यांना दादानेच वाढवलं, छापखान्यात चिकटवलं आणि लॉजमध्येही आणलं. त्याची उत्तर देण्याची एक लकब होती. दोन ठोके लागोपाठ, आणि तिसरा किंचित थांबून. कुलपात नवी किल्ली दोनदा हलवून मग फिरवावी तसा.

दादा गेल्यावर ती जागा भरली नाही. हे तात्यांना पक्कं माहीत होतं, आणि शंका नको म्हणून त्यांनी पदाधिकाऱ्यांच्या याद्याही काढून पाहिल्या. बाहेरचा द्वारपाल, आणि पुढे एक आडवी रेघ. आतला द्वारपाल, तिथेही रेघ. सव्वीस याद्या, बावन्न रेघा.

तात्या मनाशी हसले. मुद्रितात असं होतंच. जुळारी जुना मजकूर तसाच पुढे ओढतो, कुणी वाचत नाही, आणि मेलेला माणूस पुढच्या वर्षीच्या यादीत पुन्हा आभार मानतो. घड्याळजीने मागची ओळ बघून पुढची लिहिली असणार. त्यांनी समासात एक बारीक प्रश्नचिन्ह केलं आणि घरी गेले.

३

पण ओढलेला मजकूर बदलत नाही, हे तात्यांना दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसल्यावर आठवलं. आणि ही ओळ तर बदलत होती.

चौदाव्या पुस्तकात एका ठिकाणी होतं: उत्तर मिळालं, तिसऱ्या ठोक्याला उशीर. घड्याळजी नेमकं लिहिणारा माणूस. त्याच्या लेखी उशीर म्हणजे एक सेकंद. सोळाव्यात एका सभेला उत्तर दोनदा आलं होतं. सतराव्यात, एका पावसाळी सभेखाली, लहान अक्षरात लिहिलं होतं: आज विचारण्याआधीच उत्तर आलं.

तात्यांनी चष्मा काढला आणि दाराकडे पाहिलं. सागवानी, दोन माणसं उंच, वर स्प्रिंग लावलेली, म्हणजे सोडलं की आपोआप मिटणारं. या दाराने आता कुणी ये-जा करत नव्हतं. सगळे मागच्या जिन्याने येऊन जेवणघरातून सभागृहात शिरायचे. तात्याही तसेच यायचे, आणि आपण तसे का येतो हे त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं.

त्या दिवशी ते खाली उतरले, इमारतीला वळसा घालून पुढच्या जिन्याने वर गेले. दुपारचे साडेबारा वाजले होते. खिडकीतून स्वच्छ ऊन दालनात पडलं होतं, आणि धूळ अशी साचली होती की त्यांच्या वहाणांचे ठसे उमटले. दुसरे कुणाचेच ठसे नव्हते. टेबलावर धूळ, खिडकीच्या कडेवर धूळ, खुर्चीच्या पाठीवर आणि पायांवर धूळ.

खुर्चीच्या बैठकीवर मात्र नव्हती. लाकूड पुसल्यासारखं चकचकीत होतं. आणि दारावर, बसलेल्या माणसाचा हात जिथे पोचेल तिथे, अंगठा मावेल एवढा खळगा पडला होता.

खाली रखवालदार बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की पुढच्या जिन्याला पायऱ्या उंच, त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाहीत, वर्षानुवर्षं त्या तिकडे फिरकलेल्या नाहीत. मग मांजर बसत असेल, असं तात्यांनी ठरवलं. मांजर ठोके देत नाही, हा विचार त्यांनी रस्ता ओलांडेपर्यंत लांब ठेवला.

४

घड्याळजी दुकानात डोळ्याला भिंग लावून बसला होता. तात्यांनी विचारलं तेव्हा त्याने भिंग काढलं नाही. ठोके कोण देतं असं विचारल्यावर म्हणाला, आतून तोच देतो, खुर्चीवरून उठून, कारण कुणीतरी द्यायला हवेत. आणि बाहेरून? बाहेरून उत्तर येतं. पहिल्यांदा आलं तेव्हा एका साडूने सभाच सोडली होती, पुढच्या महिन्यात परत आला. डॉक्टर म्हणतात लाकूड तापतं.

"आणि तू काय म्हणतोस?"

"लाकूड मोजून तीनदा तापत नाही, तात्या."

"मग एकदाही दार उघडून बघितलं नाहीत?"

घड्याळजीने आता भिंग काढलं. त्याचा एक डोळा लाल झाला होता. "उघडायचं काम आतल्या द्वारपालाचं. आणि आतला द्वारपाल तू. तू आला नाहीस." मग तो पुन्हा घड्याळाकडे वळला आणि हळूच म्हणाला, "आम्ही भ्यायलो होतो, तेही आहेच."

५

पुस्तिकेत घालायला दादाचा फोटो हवा होता, म्हणून तात्या वहिनींकडे गेले. वहिनींना आता ऐकायला कमी यायचं, पण घर अजून आरशासारखं. त्यांनी फोटो काढून ठेवलाच होता. लॉजचा पांढरा एप्रन बांधून दादा उभा, हसू दाबत. त्याच्या नखांच्या कडा पितळेच्या भुशाने काळ्या, त्या धुऊन कधी जात नसत.

वहिनींनी तात्यांपुढे चहा ठेवला आणि स्वतः समोर बसल्या. दादा जाण्याआधीच्या त्या चार महिन्यांचा विषय त्यांनीच काढला. तात्यांनी त्या वेळी आपल्या मेव्हण्याचं नाव लॉजसाठी सुचवलं होतं. मतदान गुप्त, पेटीत पांढरी किंवा काळी गोळी टाकायची, आणि एक काळी निघाली तरी माणूस बाद. एक काळी निघाली. ती आपण टाकली हे दादाने त्याच संध्याकाळी तात्यांना घरी येऊन तोंडावर सांगितलं, कारण त्याला लपवाछपवी जमायची नाही. पुढे मेव्हण्याने जे दिवे लावले ते सगळ्या गावाने पाहिले, पण ते पुढे. त्या वेळी तात्यांनी दादाशी बोलणं टाकलं. चार महिने.

"मला एकच समाधान आहे, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी दार उघडताना तुम्ही बोललात त्यांच्याशी. बोलावंच लागतं ना? दोन शब्द का होईना. ते ऐकून मग गेले."

तात्यांनी मान हलवली. गेली सव्वीस वर्षं ते अशीच मान हलवत होते. चहा गार झाला होता, तरी त्यांनी तो पूर्ण प्यायला.

६

लॉजमधून बारावं पुस्तक उचलून ते घरी आले आणि त्यांनी ते उघडलं. शेवटच्या सभेखाली लिहिलेलं होतं: दाराची विचारणा केली, बाहेरून उत्तर मिळालं, दार सोडलं. मुद्रिताच्या दृष्टीने त्यात एकही चूक नव्हती.

त्यांनी पेन घेतलं आणि पुस्तिकेसाठी एक पान लिहिलं. त्या दिवशी सभा मिटताना अध्यक्षांनी विचारलं आणि आतल्या द्वारपालाने ठोके न देताच सांगितलं, राखलेलं आहे. सगळ्यांना भुका लागल्या होत्या, कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे जेवणघराकडे गेले. आतला द्वारपाल दारापाशी क्षणभर थांबला. दार उघडायचं म्हणजे भावाच्या तोंडाकडे बघायचं आणि दोन शब्द बोलायचे. बसू दे की अर्धा तास, असं त्याच्या मनात आलं आणि तो जेवायला गेला. जेवताना त्याला तीन ठोके ऐकू आले. त्याने शेजारच्याकडे पाणी मागितलं. पुन्हा तीन ठोके ऐकू आले. त्यानंतर आले नाहीत. दीड तासाने रखवालदार वर गेला तेव्हा बाहेरचा द्वारपाल खुर्चीतच होता, तलवार मांडीवर, हात दाराला टेकलेला. रस्त्याच्या पलीकडे दवाखाना होता. छातीत कळ आल्यावर उठून गेले असते तर वाचले असते, असं तिथले डॉक्टर म्हणाले. दार सुटल्यावरही ते का उठले नाहीत याचं सगळ्यांना नवल वाटलं. आतल्या द्वारपालाला वाटलं नाही.

लिहून झाल्यावर तात्या बराच वेळ रडले. एवढ्या वर्षांत ते यासाठी रडले नव्हते, कारण रडायचा हक्क आपल्याला नाही असं त्यांना वाटायचं. सकाळी त्यांनी ते पान दुरुस्त न करता घड्याळजीच्या हातात दिलं. दुसरी प्रत पाकिटात घालून त्यावर वहिनींचं नाव लिहिलं, आणि ते पाकीट कोटाच्या खिशात ठेवलं. सभा झाल्यावर स्वतः नेऊन द्यायचं होतं.

७

शेवटची सभा दुपारी चारला भरली. साडू आपापल्या कोपऱ्यात बसले. डॉक्टरांना लवकर उरकायचं होतं. तात्या न सांगता दाराशी जाऊन उभे राहिले, आणि त्यांना तिथून हलायला कुणी सांगितलं नाही.

"दार राखलेलं आहे का?"

तात्यांनी तीन ठोके दिले. दोन ठोके लागोपाठ आले. तात्यांनी श्वास धरला. मग तिसरा आला. दाराला टेकलेल्या पाठीला तो जाणवला, कुणी पाठीवर बोट ठेवावं इतक्या जवळ. साडूंनी माना खाली घातल्या.

"राखलेलं आहे," तात्या म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

सभेत काय झालं असं कुणी विचारलं असतं तर त्यांना आठवलं नसतं. आभार झाले, किल्ल्या टेबलावर ठेवल्या गेल्या. मिटवताना पुन्हा विचारणा, पुन्हा ठोके, पुन्हा तो उशीर. मग डॉक्टर घाईने म्हणाले की पुढचं राहू द्या, आपण जेवणघरातूनच खाली उतरू.

"उघडू दे त्याला," घड्याळजी म्हणाला. त्याने ते पान वाचलं होतं.

तात्यांनी कडी काढली आणि दार ओढलं. फट पडली तेवढ्यात खुर्चीचा हात दिसला आणि त्यावर ठेवलेला माणसाचा हात दिसला, नखांच्या कडा काळ्या. दार पुरतं उघडलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. ऊन होतं, धूळ होती, आणि धुळीत आठवड्यापूर्वीचे तात्यांचेच ठसे होते.

"दादा," ते म्हणाले, "दार सुटलं."

काही हललं नाही. मग पितळेचा वास आला, घासलेल्या किल्लीचा, आणि अंगाने भरलेला माणूस अरुंद दारातून आत शिरताना आपण जसे अंग चोरून वाट देतो, तशी तात्यांनी वाट दिली. वाट देताना पाऊल बाहेर पडलं. स्प्रिंगचं दार मागे आपोआप मिटलं, आणि आत कडी पडल्याचा आवाज आला.

८

आधी तात्यांनी दार ढकलून पाहिलं. मग हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही. शेवटी ते खुर्चीवर बसले. बैठक गरम होती. उन्हाने असेल, असं ते स्वतःशी म्हणाले, आणि ऊन खुर्चीपासून दोन हात लांब आहे हे त्यांना दिसत होतं.

आतून आवाज येत होते. खुर्च्या सरकल्या. डॉक्टर काहीतरी म्हणाले. घड्याळजीने तात्यांचं नाव घेऊन विचारलं, त्यावर एक साडू म्हणाला की ते पुढच्या जिन्याने उतरले असतील. मग पावलं जेवणघराकडे वळली. सव्वीस वर्षांची सवय, दुसरीकडे कशी वळणार. शेवटचं दार मिटलं, मागच्या जिन्यावर पावलं वाजली, आणि नंतर काहीच ऐकू आलं नाही.

पुढचा जिना समोरच होता, बारा पायऱ्या. उठून खाली जायला कुणाची ना नव्हती. तात्या उठले नाहीत. कुणी आपल्याला दार सुटलं असं म्हटलेलं नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं, आणि त्याचबरोबर हेही कळत होतं की दादाच्या मनात त्या दिवशी एवढंच असणार. राग नसणार. आपला धाकटा भाऊ विसरला नसेल, येईल, असंच त्याला वाटत असणार. दारामागे सगळे जेवताहेत हे ऐकू येत असताना माणसाला किती एकटं वाटतं ते तात्यांना आता कळलं. त्यांनी कोटावरून खिशातलं पाकीट चाचपलं. ऊन भिंतीवर सरकलं होतं.

मग आतून ठोके आले. रिकाम्या सभागृहातून. दोन लागोपाठ, आणि तिसरा किंचित थांबून.

तात्यांना एकदम लहानपण आठवलं, शाळा सुटल्यावर फाटकाशी दादा उभा असायचा ते. त्यांनी डोळे पुसले, हात वर केला आणि त्या खळग्यात अंगठ्याचं पेर टेकवून तीन ठोके दिले.

लगेच आत कडी निघाल्याचा आवाज आला. दादाने त्यांना ताटकळत ठेवलं नाही.